कर्मचारी फ

१२ ऑगस्ट

आज पुन्हा एका मुलीने जिन्यात मला वाट करून दिली आणि अदबीने सांगितलं, "काकू, फीचं ऑफिस खाली आहे." तिला वाटलं, कुणाची तरी आई आलीय. मी म्हटलं, "अगं, मी पण इथेच शिकते." ती इतकी ओशाळली की शेवटी मलाच तिची समजूत घालावी लागली. त्रेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थिनी झालं की हे चालायचंच.

दहा महिने झाले. आमच्या खोलीच्या दारावर पाटी आहे: 'न्याय्य व समाजाप्रती जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्ता : पीएच.डी. संशोधन कक्ष'. पाटी वाचून होईपर्यंत माणूस आत शिरून बसलेला असतो. चार जागा होत्या, अर्ज दोनशेच्या वर. मुलाखतीत विचारलं, पंधरा वर्षांची कायमची नोकरी सोडून इकडे कशाला? मी म्हटलं, "पंधरा वर्षं टेबलामागे बसून मी लोकांना हो-नाही सांगितलं. आता ते यंत्र सांगतं. ते नाही का म्हणतं, तेवढं मला बघायचंय." सगळे हसले आणि जागा मिळाली. वाक्य तेव्हा मलाही आवडलं होतं. आता ते आठवलं की नुसती जांभई येते.

कंटाळा नाही, थकवा. सकाळी डबे, मग बस, मग पडद्यावरचे आकडे, मग बस, मग पोळ्या. शेजारच्या टेबलावरची चिमणी (पंचवीस वर्षांची, दिवसभर बिस्किटं टिपत असते म्हणून चिमणी) एका तासात जे शिकते त्याला मला तीन दिवस लागतात. ती म्हणते, "ताई, पण तुम्हाला आतलं माहीत आहे." तेवढाच काय तो माझा आधार.

१९ ऑगस्ट

माझ्या जुन्या कार्यालयाकडून अखेर माहिती आली. दहा वर्षांचे अर्ज. ज्यांना उठायला, जेवायला, आंघोळीला दुसऱ्याचा हात लागतो, त्यांना मदतनीस ठेवायला भत्ता मिळतो, त्याचे. तीन वर्षांपूर्वी तिथे यंत्र आणलं. जुने निर्णय दाखवून त्याला शिकवलं आणि आता पहिली शिफारस तेच करतं. तेव्हापासून तक्रार आहे की जे सगळ्यात जास्त अडलेले, त्यांचेच अर्ज नामंजूर होतात. असं का होतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय.

अर्जदारांची नावं-पत्ते काढून दिलेत. निर्णय देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या नावांऐवजी अक्षरं आहेत. चिठ्ठ्या टाकून वाटलेली, त्यामुळे कोण कुठलं ते कळत नाही. मीही त्यांत कुठेतरी असणार. मार्गदर्शक बाईंना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "इतक्या लोकांत तुम्ही एक. काही बिघडत नाही."

त्या टेबलाची मला लाज वाटावी असं काही नाही. पंधरा वर्षांत माझ्या निर्णयावर एकही अपील झालं नाही. बाकीच्यांच्या टेबलांवर आरडाओरडा, रडारड. माझ्याकडे आलेला माणूस आधी खुर्चीत बसायचा, पाणी प्यायचा. "मावशी, वाईट वाटून घेऊ नका," असं म्हणून मी कागद परत द्यायचे आणि ती मावशी मलाच आशीर्वाद देऊन जायची. नाही म्हणायलाही रीत लागते.

२ सप्टेंबर

घरात लेकीचं परगावी शिकायला जाण्याचं टुमणं चालू आहे. वसतिगृह, वास्तुकलेचं कॉलेज, मैत्रिणी. मी तिला शांतपणे समजावलं, "राणी, तुझंच भलं बघतेय ना मी? इथेही कॉलेजं आहेत." ती म्हणाली, "आई, तुझ्याशी धड भांडताही येत नाही." मग ताट घासून ठेवलं आणि खोलीत गेली. आमच्या घरात आवाज चढत नाही, याचं शेजाऱ्यांना नवल वाटतं.

कामाचं म्हणाल तर आज एक धागा मिळाला. अर्जाच्या शेवटी एक रकाना असतो, 'अर्ज दुसऱ्याने भरला असल्यास त्याचे नाव'. त्यात काही लिहिलेलं असलं की यंत्र बिचकतं. बाकी सगळं सारखं असूनही असे अर्ज दुपटीने नामंजूर. ज्याचे हात चालत नाहीत, त्याचा अर्ज दुसराच भरणार, आणि भत्ता हवाय तोही त्यालाच! मी बाईंच्या दाराशी जवळजवळ पळत गेले. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

९ सप्टेंबर

यंत्र हे स्वतःच्या मनाने शिकलेलं नाही. चिमणीने प्रत्येक कर्मचाऱ्याचे निर्णय वेगळे काढून आलेख केला. सगळे जवळजवळ एका ओळीत आणि एकच टिंब भलतीकडे. कर्मचारी फ. दुसऱ्याने भरलेला अर्ज दिसला की फ दहापैकी सात वेळा नाही म्हणतो. आणि फ कामाला वाघ! त्या विभागातले एक तृतीयांश अर्ज एकट्याने निकाली काढलेत. यंत्राने सगळ्यात जास्त धडे त्याच्याकडूनच घेतले.

मी मनात म्हटलं, फ म्हणजे फौजदार. आमच्या हेडक्लार्कला सगळे फौजदार म्हणायचे. भुवया कायम वर, सहीचा फराटा असा की कागद फाटायचा. अर्जदारांवर खेकसायचा. अक्षरं चिठ्ठ्यांनी पडलीत हे कळतं मला, पण कधीकधी चिठ्ठीलाही अक्कल असते. हाताखालच्यांना घाईला लावून शेवटी स्वतःच बसून ढीग उपसायची त्याची सवय होतीच.

चिमणी म्हणाली, "ताई, हा फ कसला दगड असेल हो!" मी म्हटलं, "होताच."

१२ सप्टेंबर

काम करताना आज राग आला आणि रागाने बरं वाटलं. फने नामंजूर केलेल्या अर्जांवरचे शेरे वाचले. बहुतेक ठिकाणी एकच: 'अर्ज त्रयस्थ हस्ताक्षरात. खातरजमा होत नाही.' हा शेरा आमच्याकडे सर्रास चालायचा. एका दलालाने शंभरावर खोटे अर्ज घुसवले होते, त्याचं खापर माझ्या टेबलावर फुटलं होतं. माझ्या नोकरीचं ते तिसरं वर्ष. लेखी ताकीद मिळाली होती. त्यानंतर सगळेच सावध झाले. पण सावध असणं वेगळं आणि इतकं दगड होणं वेगळं.

फौजदाराने पंधरा वर्षांत कधी रजा घेतली नाही. फच्या तारखा सलग निघाल्या की झालं. संशोधनाच्या पेपरात नाव यायचं नाही, पण मला तरी कळेल. उद्या बघते.

१३ सप्टेंबर

सलग नाहीत. सहा वर्षांपूर्वी मार्चपासून अकरा आठवडे फचा एकही निर्णय नाही. आणि गेल्या वर्षी ३० जूनला फ संपतो.

फौजदार अजून नोकरीत आहे.

माझी गर्भाशयाची शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली. अकरा आठवडे रजा. राजीनामा ३० जूनचा.

२४ सप्टेंबर

इतके दिवस लिहिलं नाही. डोकं दुखतं म्हणून दोन दिवस घरी राहिले, बाकी दिवस खोलीत बसून पडद्याकडे बघितलं.

काय काय सुचलं ते लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे सांगण्यासारखं नाही. पहिलं म्हणजे चूक असेल. पुन्हा मोजलं, चूक नाही. दुसरं म्हणजे नियमच संदिग्ध होता. नियमावली काढून वाचली. 'अर्ज दुसऱ्याने भरल्यास साक्षीदाराची सही पुरे.' मी ती कितीतरी वेळा वाचली असेन. तिसरं सगळ्यात सोपं. कर्मचारी वेगळे दाखवायचेच कशाला? सगळ्यांची बेरीज करून टाकली तर फ कुठे उरतो? बाई परवा आपणहून म्हणाल्या, "पेपरात अक्षरंही नकोत. व्यक्तीवर बोट नको, पद्धतीवर हवं." म्हणजे मला काही करायचंच नाही. गप्प बसलं की झालं.

त्या वर्षांत तीनदा मला 'उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून गौरवलंय. निपटारा सर्वाधिक, तक्रारी शून्य.

चिमणी आज म्हणाली, "ताई, तो फ भेटला ना, तर त्याला विचारायचं, रात्री झोप लागायची का?" मी तिला अर्धं बिस्किट मागितलं. झोप लागायची. छान लागायची.

२९ सप्टेंबर

आज ह्यांना सांगितलं. हे लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतात. हात पुसत ऐकत होते. सगळं ऐकून म्हणाले, "काखेत कळसा, गावाला वळसा."

"चेष्टा करू नका."

"चेष्टा नाही. लिफ्ट अडकली की आम्ही आधी दुरुस्तीची वही बघतो. शेवटची सही कोणाची? माझी असली तर मी जाऊन उभा राहतो. त्यात रडण्यासारखं काय आणि मोठेपणा तरी काय?"

"जागा गेली तर?"

त्यांनी फडका वाळत घातला. मग म्हणाले, "तू सांगणार आहेस हे ठरवूनच मला सांगितलंस. नाहीतर सांगितलंच नसतंस."

मला तसं वाटत नव्हतं. पण असेलही.

३० सप्टेंबर

बाईंना सांगितलं. दार लावून घेतलं, उभ्यानेच सांगितलं. त्या माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत. आज पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं नीट दिसली.

"खात्री आहे?"

"रजेच्या अर्जाची प्रत आणलीय."

त्यांनी प्रत बघितली नाही. "हे तुम्ही नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मनात आलं, हे खरं."

"माझ्याही."

"ही माहिती तुमच्याकडून काढून घ्यावी लागेल. स्वतःच्या निर्णयांवर स्वतःच संशोधन नाही करता येत. समितीपुढे न्यावं लागेल. विषय नवा, म्हणजे एक वर्ष गेलंच."

"जागा?"

"ती वाचवायला मी भांडेन. वाचेलच, असं नाही सांगत."

मी आभार मानायला लागले तर त्यांनी हात वर केला. "आत्ता गोड बोलू नका हो. मला जरा राग येऊ द्या."

खोलीत आले तर चिमणीला कळलेलं; रजेच्या अर्जाची प्रत सकाळी तिच्यासमोरच काढली होती. तोंड एवढंसं करून बसली होती. बिस्किटाचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला आणि बाहेर निघून गेली. 

१८ ऑक्टोबर

समितीचा निर्णय आला. जागा राहिली. विषय, माहिती, आलेख सगळं चिमणीकडे. मला दोन महिन्यांत नवा विषय द्यायचाय. लेकीएवढ्या मुलांसोबत पुन्हा पहिल्या वर्षाचे तास. थकवा इतका की सुटल्यासारखंही वाटलं नाही.

विद्यापीठाने कार्यालयाला कळवलं आणि फने, म्हणजे मी, केवळ त्या शेऱ्यावर नामंजूर केलेले अर्ज पुन्हा उघडायचं ठरलं. कागद पूर्ण असलेले असे एकशे त्रेचाळीस. घरभेटी देऊन तपासायचे. शेऱ्यांचा खुलासा करायला माजी कर्मचारी हवी, म्हणून फोन आला. तोही फौजदाराचा.

"साहेब, मला आधी वाटलं होतं, फ म्हणजे तुम्ही."

तो इतका मोठ्याने हसला की मी फोन कानापासून लांब धरला. मग हसणं ओसरलं. "माझाही वाटा आहेच. तुझा निपटारा बघून मी बाकीच्यांना झापायचो. हिच्याकडून शिका म्हणायचो. त्यातलं कोणी शिकलं नाही. यंत्र शिकलं. बिचारं आज्ञाधारक!"

घरभेटी पुढच्या महिन्यापासून, शनिवारी. मी येते म्हटलं.

१६ नोव्हेंबर

पहिली घरभेट.

दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. फौजदार पुढे, मी फाइल घेऊन मागे. दार उघडणारी बाई साठीची, कमरेला रुंद पट्टा बांधलेला. भाऊ आत पलंगावर. लेथवर काम करायचा. आधी हात कापायला लागले, मग पायही गेले. अर्ज बहिणीने भरला होता, चार वर्षांपूर्वी.

मला वाटलं, ओळखायची नाही. तिने दारातच ओळखलं. "अगंबाई, तुम्ही! या ना, बसा." आणि फौजदाराला सांगायला लागली, "ह्या बाईंनी मला पाणी दिलं होतं हो. स्वतःच्या बाटलीतलं. इतक्या कचेऱ्या फिरले, पाणी ह्यांनीच विचारलं."

फौजदार खाली बघत होता. मी विचारलं, "मावशी, तेव्हा तुम्ही अपील का नाही केलंत?" फॉर्मवर तो प्रश्नच नाही. मी विचारला.

"कसं करणार?" ती म्हणाली. "तुम्ही एवढं गोड बोललात. घरी येऊन ह्याला म्हटलं, बाई भली आहे, देण्यासारखं असतं तर दिलंच असतं. नियमच तसा असणार. दुसऱ्या कोणी हाकललं असतं ना, तर मी भांडले असते. माझा स्वभाव आहे तसा."

मी म्हटलं, "नियम तसा नव्हता."

तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. साक्षीदाराची सही पुरत होती, ती होती, मी बघितली नाही. चूक माझी होती. सांगताना माझा आवाज तसाच मऊ लागत होता, टेबलामागचा. तो बदलताच येईना.

 आतून भावाने हाक मारली, त्याला कुशीवर वळायचं होतं. ती उठताना भिंतीला धरून उठली. फौजदार मदतीला धावला. मी एका बाजूने खांदा धरला. माणूस वाळलेला, पण जड. किती जड, ते सांगता येत नाही. तिने सवयीने गुडघा पलंगाला टेकवला, श्वास धरला आणि एका झटक्यात वळवलं. मग पट्टा घट्ट करत म्हणाली, "चार वर्षं."

एवढंच. मला आशीर्वाद दिला नाही. दारापर्यंतही आली नाही.

१७ नोव्हेंबर

आज रविवार. दिवसभर पडून होते. संध्याकाळी लेक चहा घेऊन आली. मी म्हटलं, "ते वसतिगृहाचं बोल. नीट बोल. मी मध्ये काही बोलणार नाही."

ती संशयाने म्हणाली, "म्हणजे हो?"

"म्हणजे मला अजून माहीत नाही. तू बोल."

तिने तासभर बाजू मांडली. दोनदा ओरडली. एकदा तर मी तिला कधी ऐकूनच घेत नाही, असं म्हणाली आणि मला ते अन्यायाचं वाटलं. तोंडाशी आलेलं 'राणी' गिळलं. काही ठरलं नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी रात्री येऊन विचारलंच, "सगळं ठीक आहे ना?"

२३ नोव्हेंबर

आज तीन घरं ठरली होती. पहिल्या घराला कुलूप.

दुसऱ्या घरी एक म्हातारा. अर्ज बायकोचा होता, भरलेला ह्याने. फौजदाराने ओळख करून दिली आणि कशासाठी आलोत ते सांगितलं. म्हातारा म्हणाला, "ती गेली की. दोन वर्षं झाली." मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "ह्या कोण?"

"तो शेरा माझा होता," मी म्हटलं.

तो दाराच्या चौकटीत उभा राहून बोलायला लागला. आत घेतलं नाही. आधी हळू, मग आवाज चढत गेला. ती शेवटी न्हाणीघरात पडली तेव्हा हा कामावर होता. दुपारभर ती तशीच पडून होती. "माणूस ठेवला असता तर! माणूस ठेवायलाच तर मागत होतो. माझं अक्षर वाईट म्हणून मी तीनदा अर्ज लिहिला, कोरून कोरून लिहिला." शेजारची दारं उघडली. कोणीतरी जिन्यात येऊन उभं राहिलं. फौजदार पुढे सरकला, मी त्याला बाहीला धरून मागे घेतलं.

पंधरा वर्षांत माझ्यावर कोणी असं ओरडलं नव्हतं. 'काका, बसा ना, पाणी घ्या' हे शब्द जिभेवर तयार होते, आपोआप आले होते. मी दात मिटून उभी राहिले. तो थांबला की पुन्हा सुरू करायचा, तेव्हाही उभी राहिले. रडले नाही. रडणं म्हणजे त्यालाच माझी समजूत घालायला लावणं.

शेवटी त्याचा दम संपला. तो म्हणाला, "लिहून घ्या."

"काय लिहू?"

"मी बोललो ते सगळं. तुमच्या शब्दांत नको. माझ्या."

मी फाइल भिंतीला टेकवून उभ्याउभ्याच लिहिलं. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. जिथे शब्द सुटला तिथे त्याने थांबवलं आणि पुन्हा सांगितला. चार पानं झाली. त्याने चष्मा आणून चारही पानं वाचली, एके ठिकाणी 'पडली' खोडून 'पडून राहिली' करायला लावलं आणि सही केली. मग दार लावून घेतलं.

खाली रस्त्यावर आल्यावर फौजदार म्हणाला, "ह्याचा आता काय उपयोग? फाइल तर बंदच होणार."

"होऊ दे. पानं आत राहतील."

त्याने यादी काढून पत्ता बघितला. तिसरं घर चार गल्ल्या सोडून होतं. ऊन चढलं होतं. आम्ही चालायला लागलो.